वाणी आत झाडायची नाही, बाहेर थांबवायची : कोकणातल्या घरांसाठी

मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की आमच्या पडवीत सकाळी एक ठरलेलं दृश्य असतं. भिंतीच्या कडेने, उंबरठ्याजवळ, न्हाणीच्या दारात लालसर तपकिरी वाण्या, म्हणजे ते पुष्कळ पायांचे सावकाश चालणारे किडे. काही चालतायत, काही जुन्या तांब्याच्या पैशासारख्या वेटोळं करून पडल्यायत. म्हणूनच कुणी हिला 'पैसा'ही म्हणतं. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलं की टाचेखाली 'कट्' होतं आणि मग पाय धुतल्याशिवाय झोप येत नाही.

देवगड तालुक्यातल्या या घरात मी कायमचा राहायला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं रोज सकाळी सुपली भरून वाण्या टाकत होतो. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच परत. शेवटी शेजारच्या काकी गडग्यापलीकडून (दगडी कुंपणापलीकडून) म्हणाल्या, "आत काय झाडतंस रे, भायर बघ." बाहेर म्हणजे कुठे, हे कळायला आणखी एक पावसाळा गेला. त्यातून जमलेली पद्धत इथे लिहितो आहे. अगदी शून्यावर काही येत नाही, पण सुपलीभर वाण्यांच्या जागी आठवड्याला चार-पाच दिसाव्यात इतका फरक पडतो.

आधी ती गोम नाही ना, हे बघा

पावसाळ्यात सरपटणारं काहीही दिसलं की घरात 'गोम, गोम' असा ओरडा होतो. दोन्हींत फरक मोठा आहे. गोम चपटी, चपळ. तिच्या अंगाच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते आणि ती चावते, तिच्या चाव्यात विष असतं. वाणीच्या बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतात. ती सावकाश चालते, हात लावला की गुंडाळून घेते आणि चावत नाही. तिच्या 'हजार पायां'चं मात्र फारसं मनावर घेऊ नका. खरोखरच हजारावर पाय असलेली जात ऑस्ट्रेलियात जमिनीच्या पोटात सापडली आणि 2021 साली तिची नोंद झाली. आपल्या पडवीतल्या वाणीला त्याच्या कितीतरी कमी असतात.

आपल्याकडे घरात येणाऱ्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक बोटाएवढी लांब, गोल, विटकरी रंगाची. दुसरी लहान, चपटी, काळसर, कडांना पिवळट ठिपके असलेली. ही दुसरी चिरडली की बदामाच्या कडवट बियांसारखा वास येतो. तिच्या अंगातून अगदी थोड्या प्रमाणात सायनाइडची वाफ निघते, त्याचा तो वास. एवढ्याशा वाफेने माणसाला काही होत नाही, पण मूठभर वाण्या बंद डब्यात भरून नाकाशी नेण्याचा उद्योग करू नये.

वाणी कुजका पालापाचोळा खाते. तांदूळ, कपडे, दाराची चांगली लाकडं यांना तिच्यापासून धोका नाही, आणि ती माशी-डासांसारखी रोगही पसरवत नाही. बागेत तर ती पानांचं खत करते. तेव्हा तिला मारायच्या मागे न लागता ती घरात येणार नाही एवढंच बघायचं आहे, आणि खर्चही त्याच हिशेबाने करायचा आहे.

ती आत येते कशाला

वाणीच्या कातडीत पाणी धरून ठेवायची सोय फारशी नाही. कोरड्यात ती सुकून मरते, म्हणून ओलसर मातीत आणि पातेऱ्याखाली, म्हणजे गळून पडलेल्या पाल्याखाली राहते. पण कोकणात वर्षाचा अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन पाण्याने तुडुंब झाली की मातीतली हवा संपते आणि वाण्या वर येऊन उंच जागेकडे चालू लागतात. घराचं जोतं ही सगळ्यात जवळची उंच जागा. पुढे पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन लागलं की उलट होतं. माती सुकते आणि त्या ओलाव्याच्या शोधात निघतात. तेव्हा न्हाणी आणि मोरी त्यांना सोयीची वाटते.

सुक्या फरशीवर आलेली वाणी एक-दोन दिवसांत मरते. घरात तिची पैदास होत नाही. ती अंडी मातीत घालते. म्हणजे रोज वीस दिसत असतील तर भिंतीपासून काही फुटांवर त्यांचा मोठा साठा आहे, आणि तो सापडेपर्यंत आत काहीही फवारलं तरी उपयोग नाही.

माझ्या मते आपल्याकडे हा साठा वाढण्याचं एक साधं कारण आहे. पूर्वी घराभोवतीचा पातेरा उरतच नसे. गोठ्यात जनावरांखाली घालायला लागायचा, तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला लागायचा. आता बहुतेक घरांतली गुरं गेली, भाजावळ थांबली आणि आंबा-फणसाचा पाला भिंतीला टेकून कुजत राहतो. त्यात मागच्या पडवीला रचलेले नारळाच्या सोडणांचे (वरच्या सालींचे) ढीग.

रात्री बॅटरी घेऊन एक फेरी

चांगला पाऊस झालेल्या दिवशी, रात्री नऊ-दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन जोत्याला लागून घराला एक फेरी मारा. वाणी रात्रीची हिंडते. गमबूट घाला, पातेऱ्यात फुरसं, म्हणजे विषारी सापही असू शकतो. कुठल्या बाजूला जास्त दिसतात, भिंतीवर कुठून चढतात, कुठल्या फटीत शिरतात, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे मला वाटलं होतं सगळ्या पुढच्या दारातून येतात. प्रत्यक्षात तीन चतुर्थांश मागच्या बाजूने येत होत्या, जिथे सरपणाची रास भिंतीला चिकटून होती.

आतल्या वाटा शोधायला रांगोळी वापरा. झोपताना प्रत्येक दाराच्या आत आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी वीतभर रुंद, अगदी पातळ थर चाळणीने भुरभुरवा. पीठ नको, मुंग्या येतात. सकाळी त्यावर दोन बारीक टाक्यांच्या ओळी आणि मध्ये गुळगुळीत पट्टा दिसला की तिथून वाणी गेली. अशा तीन रात्री केलं की घरातली दोन-तीनच खरी भोकं उरतात, आणि सगळं घर सिमेंटने लिंपायचा खर्च वाचतो.

जोत्याभोवतीचा दोन हाताचा पट्टा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हे काम आगोटीच्या कामांबरोबर, म्हणजे मे महिन्यात करायचं. कौलं परतायला माणूस येतो त्याच आठवड्यात धरलं तर उत्तम, कारण शाकारणीत पडलेला कचराही त्याच हाताने निघतो.

घराच्या चारही बाजूंना, भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट, जमीन पूर्ण उघडी हवी. गवत, पातेरा, विटांचे तुकडे, फुटकी कौलं, उरलेले चिरे, मुलांची मोडकी सायकल, सगळं उचला. प्रत्येक चिरा उलटताना जपून. खाली विंचू असतो. त्यातही पागोळ्या पडतात ती रेघ बघा. कौलांवरून पडणाऱ्या धारेने तिथे चर पडतो, चरात पाला अडकतो आणि जूनअखेरीस ती वाण्यांची सोसायटी होते. चर बुजवून जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि पागोळीच्या रेघेत चार बोटं जाडीची खडी किंवा जांभ्याचे लहान तुकडे पसरा. पाणी निचरतं, पाला वरच राहतो आणि दिसतो, तो उचलता येतो. किनाऱ्याजवळ राहणारे लोक यासाठी समुद्राची वाळू आणतात, आणू नका. तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि जोत्याच्या चिऱ्याला लोणा लागतो. पन्हळ असेल तर तिच्या पाइपाचं तोंड भिंतीपासून लांब, उतारावर सोडा.

सरपण भिंतीला टेकून ठेवायचं नाही. चार चिऱ्यांवर दोन वासे टाकून जमिनीपासून वीतभर उंच, वर पत्रा किंवा झाप, आणि भिंतीपासून तीन फूट लांब. सोडणं आणि झावळ्या त्याहून लांब. जळणाला सोडणं लागतातच हे मला मान्य आहे. त्यातली पंधरवड्याची घरात घ्या, बाकीची मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत.

मग हा गोळा केलेला पातेरा जाळायचा का? नाही. पाऊस येण्याआधी तो आंब्या-काजूच्या आळ्यात घाला, पण घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फुटांच्या आतली झाडं सोडून. उरलेला परसाच्या टोकाला एका खड्ड्यात टाका, वर थोडं शेण आणि माती. वाण्या त्या खड्ड्यात जमतील आणि तिथे त्यांचं काम करतील. त्यांना जायला दुसरी चांगली जागा ठेवणं हासुद्धा बंदोबस्तच आहे.

पडवीतल्या कुंड्या हा नव्या घरांचा लाडका गुन्हेगार. कुंडीखालच्या बशीत पाणी, भोवती ओली माती, आणि कुंडी थेट फरशीवर. लोखंडी स्टँड घ्या किंवा तीन विटांवर ठेवा, बशी पावसाळ्यात काढूनच टाका. भिंतीवर चढवलेला मनीप्लांट किंवा कृष्णकमळ हा खिडकीपर्यंतचा जिना असतो. निदान खालचे दोन फूट मोकळे करा. चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ मे महिन्यात ब्रशने खरवडून चुन्याचा हात मारला की पुढचे दोन महिने तरी वाणीला पकड कमी मिळते.

कोंबड्या असतील तर त्यांना या पट्ट्यात मोकळं सोडा. त्या वाण्या आवडीने खातात असं नाही, वास आला की टाकूनही देतात. पण पाला उकरून पसरवतात आणि तो सुकतो, हे काम त्या फुकट करतात.

फटी बुजवणं

जुन्या चिरेबंदी घरांत दोन चिऱ्यांमधली माती गळून फट पडलेली असते. जोत्यापासून कमरेपर्यंतच्या अशा सगळ्या फटी बाहेरून भरा. पूर्ण सिमेंटपेक्षा चुना-वाळूचा मसाला चिऱ्याला जास्त मानवतो, कारण चिरा पाणी पितो आणि त्याला ते सोडायलाही वाट हवी असते. पाण्याच्या आणि गॅसच्या पाइपांभोवतीची भोकं, टीव्हीच्या वायरीचं भोक, इन्व्हर्टरची वायर, हे सगळं पुटीने किंवा सिलिकॉनने बंद करा.

दाराखालची फट हा मुख्य रस्ता. पाच मिलिमीटरची फट मोठ्या वाणीलाही पुरते. इथे माझी फजिती सांगतो. मे महिन्यात उत्साहाने मागच्या दाराला अगदी घट्ट बसणारी रबरी पट्टी ठोकून घेतली. जुलैत फणसाचं ते दार ओलीने फुगलं, रबर फरशीला चिकटलं आणि दार उघडेना. भर पावसात सुताराला बोलावून दार काढून रंधा मारावा लागला, वर त्याचं बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच. तेव्हा लाकडी दाराला ब्रशसारख्या केसांची पट्टी लावा. दार फुगलं तरी केस वाकतात. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या दाराला रबर चालतं. पट्टी मिळेपर्यंत जुन्या साडीची सुरळी करून रात्री उंबऱ्याला लावली तरी खूप फरक पडतो, फक्त ती रोज सकाळी वाळवा. ओली सुरळी म्हणजे वाणीला आमंत्रण.

न्हाणीचं आणि मोरीचं भोक बाहेर उघड्या गटारात जात असेल तर त्याला स्टीलची बारीक जाळी बसवा. डासांच्या जाळीइतकी बारीक हवी, कारण वाणीची पिल्लं सुतळीहून बारीक असतात. जाळीत केस आणि साबण अडकतो, आठवड्याने साफ करावी लागते. हा त्रास नको म्हणून लोक जाळी काढून ठेवतात आणि मग वाण्या कुठून आल्या म्हणून विचारतात. न्हाणी वापरून झाली की खराट्याने पाणी ओढून टाकायचं.

आत आलेल्या वाणीचं काय करायचं

चिरडू नका. डाग पडतो, वास सुटतो, पांढऱ्या फरशीच्या सांध्यात पिवळट-जांभळा रंग दिवसेंदिवस राहतो. केरसुणी आणि सुपलीने गोळा करा आणि परसातल्या खड्ड्यात टाका. पावसाळ्यात रोज सकाळी पाच मिनिटांचं हे काम. हाताने उचलायची झाली तर प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घाला. फारच जास्त असतील तर बादलीत साबणाचं पाणी घेऊन त्यात टाका.

जास्त संख्येने येत असतील त्या दिवसांत बाहेर सापळा लावा. घरापासून दहा-बारा फुटांवर, ज्या बाजूने येतात त्या बाजूला, संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा. खाली फणसाच्या किंवा पपईच्या साली. सकाळी ऊन यायच्या आत गोणपाट उचला. खाली वाण्या जमलेल्या असतात. तसंच गोणपाट घडी करून खड्ड्यावर झटका. साली रोज बदला, नाहीतर माशांचा वेगळा त्रास सुरू होतो.

मीठ टाकू नका. मी टाकलं होतं. वाण्या मेल्या, पण मीठ हवेतली ओल ओढून उंबऱ्याशी कायमचं पाणी धरू लागलं आणि भिंतीचा गिलावा सुटला. रॉकेल फरशीवर शिंपडणं तर सरळ आग आणि विषाचा धोका. राख मात्र उपयोगी आहे, पण छपराखाली. चुलीची सुकी, चाळलेली राख पडवीच्या आतल्या कडेला रेघेसारखी टाकली तर वाणी तिच्यावरून जायला नाखूश असते. ओली झाली की ती नुसता चिखल, म्हणून झड लागते त्या बाजूला टाकण्यात अर्थ नाही.

बंद घर असेल तर

मुंबईकरांची अर्धी घरं जूनला कुलूप लागून थेट गणपतीला उघडतात. उघडल्यावर ओटीभर मेलेल्या वाण्यांची टरफलं. कुलूप लावण्याआधी दारांना सुरळ्या किंवा पट्ट्या लावा, मोरीची भोकं आतून बंद करा, गाद्या आणि धान्याचे डबे जमिनीपासून उचलून ठेवा. किल्ली शेजारी द्या आणि उघडीप असेल त्या दिवशी खिडक्या दोन तास उघडायला सांगा. या उपकाराची परतफेड मुंबईहून येताना करावी, हे सांगायला नको.

औषध मारायचंच असेल तर

शेवटचा उपाय, आणि तो फक्त बाहेर. डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची घरगुती वापरासाठी विकली जाणारी औषधं जोत्याच्या बाहेरच्या कडेला, दारांच्या चौकटीबाहेर मारतात. कोकणातल्या पावसात ती एक-दोन सरींत धुऊन जातात, त्यामुळे लागोपाठ दोन दिवस उघडीप असेल तेव्हाच मारा. ही औषधं माशांना आणि कुर्ल्यांना फार घातक आहेत, मधमाश्यांनाही. विहीर, पऱ्ह्या (ओहोळ), तळं किंवा शेताचा पाट जवळ असेल तर वापरूच नका. मांजर असेल तर औषध पूर्ण सुकेपर्यंत तिला आत ठेवा. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा 'थोडं जास्त' घातल्याने वाण्या जास्त मरत नाहीत.

माळ्यावरचे जुने डबे मात्र एकदा तपासा. गॅमेक्झिन म्हणून ओळखली जाणारी बीएचसीची पावडर 1997 पासून बंद आहे. फोरेटचे दाणे आणि डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाले. यातलं काही अजून घरात सापडतं आणि 'वाण्यांना टाकून संपवू' असा विचार होतो. तो करू नका. शेतातलं औषध घरात कधीच नाही. काय करायचं ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. विहिरीजवळ पुरू नका, पऱ्ह्यात ओतू नका.

अंगाला लागलं तर

वाणीचा रस कातडीला लागला तर साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुवा. थोडी आग होईल. तपकिरी-काळा डाग पडला तर तो घासून जात नाही, काही आठवडे राहून आपोआप फिका होतो. मुलाच्या पायाचं बोट सकाळी अचानक काळं दिसलं तर घाबरण्याआधी त्याचे बूट झटकून बघा. चिरडलेली वाणी निघण्याची शक्यता चांगली. पावसाळ्यात बूट आणि गमबूट उपडे करून झटकल्याशिवाय पाय घालू नये, यात विंचवाचाही बंदोबस्त होतो.

डोळ्यात गेलं तर मात्र थट्टा नाही. डोळा चोळू न देता पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

दसऱ्याच्या आसपास, पाऊस परतल्यावर, दोन हाताचा पट्टा पुन्हा एकदा झाडून घ्या, कारण त्यांची दुसरी फेरी तेव्हाच असते. आमच्याकडे ते काम मी सकाळी करतो. काकी गडग्यापलीकडून बघतात आणि त्यांचा पातेराही माझ्याच खड्ड्यात टाकतात.